साडेपाचची मोटर

पडदा वर जातो तेव्हा समोर दिसते ती अकोल्याच्या जठारपेठेतली एक लांबट खोली. भिंतीला टेकून प्लॅस्टिकच्या खुर्च्या. छताला दोन पंखे, त्यातला एक फिरतो आणि दुसरा नुसता आवाज करतो. समोरच्या भिंतीवर एक पांढरी चादर चार खिळ्यांना ताणून बांधलेली. चादरीच्या डाव्या कोपऱ्यात हळदीचा जुना डाग आहे, त्यामुळे नायिका त्या बाजूला गेली की तिच्या गालाला हळद लागते. उजवीकडून खुशालराव प्रवेश करतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस, हातात वायरचं भेंडोळं असल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते वायर जोडतात, चादरीवर उजेड पडतो. वेळ रविवार दुपारचे तीन.

हा आमच्या ज्येष्ठांच्या मंडळाचा खेळ. जुने सिनेमे दाखवायचे, मध्ये चहा, आणि सिनेमा संपला की मी दोन शब्द बोलायचे. हे दोन शब्द माझ्याकडे का आले, तर मी एकतीस वर्षं नाटकात काढली म्हणून. आमची कंपनी वऱ्हाडातल्या यात्रांमधून फिरायची. माझ्या नावावर एकही नायक नाही. मी सावकार केले, कपटी मामा केले, आणि सगळ्यांत जास्त वेळा केला तो विधवा भावजयीला घराबाहेर काढणारा दुष्ट दीर. ती भूमिका इतकी गाजली की एका गावात दुसऱ्या दिवशी हॉटेलवालीनं मला चहा दिला नाही. मी म्हटलं, "बाई, ते नाटक होतं." ती म्हणाली, "मले माहीत हाये. तरी नाई देत."

तर अशा माणसाला एक गोष्ट सहन होत नाही. शेवटचा पडदा पडण्याआधी कुणी उठलेलं. आणि आमच्या खोलीत एक बाई दर रविवारी उठायची.

दुसऱ्या रांगेत, दाराजवळची खुर्ची. सत्तरी ओलांडलेली, काटक, निळ्या काठाचं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचं लहानसं पदक. सिनेमा सुरू झाला की मान पुढे काढून, तोंड किंचित उघडं ठेवून पाहायची. असा प्रेक्षक मिळावा म्हणून नट नवस बोलतात. आणि साडेपाच वाजले की उठायची. नायक फासावर जाणार असो, हरवलेली पोरगी सापडणार असो, बाई चपला शोधायची आणि चालू पडायची.

तिसऱ्या रविवारी मी तिला दारात गाठलं.

"काहून उठल्या, बाई? आवडला नाई का पिक्चर?"

"आवडला नं. लय आवडला."

"मंग शेवट?"

"शेवट तुमी पाहा, भाऊ," ती म्हणाली आणि गेली.

तिचं नाव सुंदराबाई. मुलगा अश्विन पाटबंधारे खात्यात कारकून, सून ज्योत्स्ना शिक्षिका. घर आमच्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. पुढच्या आठवड्यात मी तिथे जाऊन बसलो. ज्योत्स्नानं चहा केला आणि सासूसमोरच तक्रार मांडली.

"काका, घरीही हेच आहे. मालिका असो, सिनेमा असो, संपत आला की आई भाजी निवडायला जातात. आम्ही म्हटलं डोळे दुखत असतील. तपासून आणले."

"डोयाले काय झालं? सुई ओवते मी," सुंदराबाई म्हणाली.

"मग बसत का नाही शेवटपर्यंत?"

"सवय नाई."

मी विषय बदलला. म्हटलं, "तुमच्या आवडीचा एखादा पिक्चर सांगा. खुशालराव कुठूनबी शोधून काढतात."

सुंदराबाईनं बशी खाली ठेवली. मग ती एका सिनेमाची गोष्ट सांगू लागली. एक विधवा बाई. सासरचे तिला घराबाहेर काढतात, पोरगी ठेवून घेतात. बाई दुसरा घरोबा करते. पोरगी मोठी होते, तिचं लग्न ठरतं. आईला कळतं आणि ती मांडवाच्या फाटकापाशी येऊन उभी राहते. इतकं सांगता सांगता त्या म्हातारीच्या हातांनी मांडव उभा केला, फाटक लावलं, सनईवाल्याला कोपऱ्यात बसवलं. ज्योत्स्नाच्या हातातला चहा निवला. मी रंगमंचावर एकतीस वर्षं काढली, पण मला असं सांगता आलं नसतं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग साडेपाच वाजले," ती म्हणाली. "तो पिक्चर नोका लावू भाऊ. बाकी कोणताबी लावा."

आणि तिथून तिचं आयुष्य बाहेर पडलं. एका बैठकीत नाही. दोन-तीन संध्याकाळी, थोडं तिच्या तोंडून, थोडं ज्योत्स्नानं खोदून काढलेलं.

सुंदराबाईचं गाव चांदूर रेल्वेजवळचं. नवरा देवमन, मजुरी करायचा, आता नाही. सुंदराबाई निंदनाला जायची. अकरा बायांची टोळी होती, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात एका ओळीत बसून तण काढत पुढे सरकायचं. प्रत्येकीला एक तास, म्हणजे पिकाच्या दोन रांगांमधली पट्टी. सुंदराबाईचा तास मधोमध. पण तिनं निंदायचं नाही. तिचा तास डाव्या-उजव्या बाजूच्या दोघी मिळून निंदायच्या, आणि तिनं गोष्ट सांगायची.

"हात मोकळे पाहिजेत का नाई? हाताबिगर गोष्ट सांगता येते का?"

"अन् तुमची मजुरी?"

"सगळ्याईएवढीच. सूर्यभान दिवाणजी पहिले लय बोंबलला. म्हणे ही बाई फुकटची बसून राहिली. मंग त्याच्या ध्यानात आलं. गोष्ट चालू राहिली का कोणी मांगं राहत नव्हती. मांगं राहिली का आयकू येत नव्हतं. अकराच्या अकरा बाया एका रेषेत. वावर लवकर निपटे." ती हसली. "मंग थोच धुऱ्यावर उभा राहून इचारे, काय व, काम करून राहिल्या का पिक्चर? अन् मंग हळूच म्हणे, त्या इन्स्पेक्टरचं काय झालं?"

या गोष्टी यायच्या चांदूरच्या टॉकीजमधून. सुंदराबाईचा मामा नत्थुजी तिथे डोअरकीपर होता. बाजाराच्या दिवशी तो भाचीला दारातून आत घ्यायचा, पडद्यासमोर खाली जमिनीवर बसवायचा. खेळ तीनचा, सुटायचा सहाला. गावाकडे जाणारी शेवटची मोटर साडेपाचची. म्हणून ऐन रंगात आलेल्या वेळी नत्थुजी येऊन तिच्या खांद्यावर टॉर्च ठोकायचा. "ऊठ व, मोटर आली."

म्हणजे टॉकीजला जात होती त्या सहा वर्षांत या बाईनं एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता.

"मामाला विचारायचं," मी म्हटलं.

"इचारलं नं एकदा. म्हटलं, मामा, शेवटी काय होते? थो म्हणे, शेवटी बत्ती लागते अन् मी दरवाजा उघडतो. त्यानंबी कधी नाई पायला. त्या टायमाले थो अडसर काढत राहे."

"मग टोळीला काय सांगायचं?"

"मोटरीत बसलं का शेवट सुरू होये," ती म्हणाली. "गाव येईपर्यंत जमवा लागे. मोटर सुसाट गेली त घाईघाईत कोणाले मारून टाको. पंक्चर झाली त मंग सगळ्याईचं भलं होये."

ज्योत्स्ना हसून लोळली. सुंदराबाई नाही हसली. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

टोळीत पार्बता नावाची एक माळ्याची बाई होती, सुंदराबाईपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. सुंदराबाईच्या डाव्या हाताचा तास तिचा. पहिला नवरा सर्पदंशानं गेला. दिरानं तिला माहेरी धाडलं आणि तीन वर्षांची पोरगी ठेवून घेतली, लेकरू आमच्या घरचं म्हणून. माहेरच्यांनी तिचा सुंदराबाईच्या गावात पाट लावून दिला. बारा-तेरा वर्षं झाली, पोरीचं तोंड पाहिलेलं नाही. हे टोळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही काढत नसे. माणसाचं उघडं दुःख समोर असलं की त्यावर बोलायला जीभ वळत नाही. पण तेच दुःख दुसऱ्या कुणाच्या अंगावर घालून पडद्यावर उभं करा, मग त्याच बाया दिवसभर त्यावर बोलतात. आमचं नाटक यावरच जगलं.

तर एका बाजारच्या दिवशी सुंदराबाईनं तो सिनेमा पाहिला. आई फाटकापाशी आली आणि खांद्यावर टॉर्च पडला. मोटरीत ती शेवट जमवू लागली. तिच्या डोळ्यांपुढे पार्बता होती, हे तिनं मला लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी वावरात तिनं शेवट सांगितला तो असा: आई फाटकात उभी राहते. कुणी विचारत नाही. सनई वाजते, माणसं जेवून उठतात, ती उभीच. आणि अखेर नवरी सतरंजीवर बसल्या बसल्या तिच्याकडे पाहते. बोलत काही नाही. फक्त जराशी सरकते आणि आपल्या शेजारी एक माणूस मावेल इतकी जागा करते.

"एक पार्बता सोडून सगळ्या बायांचे हात थांबले," सुंदराबाई म्हणाली. "त्या दिवशी पहिल्यांदा निंदन मांगं पडलं. सूर्यभानबी काई बोलला नाई. अन् पार्बता खाली मान घालून माया तासातलं तण उपटत राहिली, उपटत राहिली. पऱ्हाटीबी उपटली दोन-चार."

पुढच्या उन्हाळ्यात पार्बताच्या पोरीचं लग्न बडनेऱ्यात निघालं. बोलावणं नव्हतंच. दुसऱ्या नवऱ्यानं बजावलं, गेलीस तर परत येऊ नको. पार्बता गेली. परत आली नाही. नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी बायको आणली.

"तिचं घर माया थापेनं मोडलं, भाऊ," सुंदराबाई म्हणाली. "मंग मले कळलं का खऱ्या पिक्चरमध्ये ते बाई फाटकातच मरते. गावातल्या एका पोट्ट्यानं सांगितलं. मी त तिले आशा लावली नं. उभी राह म्हटलं, जागा भेटते म्हटलं. त्याच्या बादमंधी मी गोष्ट सांगतली नाई. माया तास मीच निंदला."

त्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती.

"ती आहे का आता?"

"हाये म्हणतात. अमरावतीले. कोण्या फुलवाल्याच्या घरी राहते."

"कधी गेला नाही?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी म्हटलं, "तोंडाचं काम माझ्याकडे द्या. मी बोलेन. तुम्ही नुसत्या मागे उभ्या राहा." म्हातारा नट दुसरं काय देऊ शकतो?

पुढच्या बुधवारी आम्ही निघालो. अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून ऑटोनं अमरावती. मूर्तिजापूरपर्यंत ती खिडकीबाहेरची वावरं पाहत राहिली. मग म्हणाली, "परत जाऊ." बडनेऱ्याच्या स्टेशनवर पुन्हा म्हणाली. ऑटोत बसल्यावर म्हणाली, "तुमाले नाटकात असं कोणाच्या दारात जायले बोलावलं असतं त तुमी गेले असते का?" मी म्हटलं, नाटकात मला फक्त हाकलायला बोलवायचे. ऑटोवाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत घर सापडलं. नाव ज्योत्स्नानं काढून दिलं होतं, फुलवाला गोवर्धन म्हटल्यावर कुणीही दाखवलं. ओसरीवर झेंडूचा ढीग, आणि ढिगाशेजारी साठीची एक दणकट बाई सुईदोरा घेऊन हार ओवत होती. तिच्या पलीकडे भिंतीला टेकून एक म्हातारी बसलेली. तिच्या हातातही सुई, पण तिचा हार फार सावकाश वाढत होता.

मी घसा साफ केला. रचून आणलेलं भाषण होतं, बऱ्यापैकी लांब. पण माझ्या मागे उभी राहण्याचं ठरलेली बाई माझ्यापुढे जाऊन उभी राहिली.

म्हातारीनं वर पाहिलं. डोळे बारीक केले.

"कोण व? सुंदरी का?"

"हो."

"मोटर भेटली वाटते तुले," पार्बताबाई म्हणाली. "चाळीस वर्षांनं."

मग बसणं झालं, पाणी झालं. हार ओवणारी बाई म्हणजे पार्बताबाईची लेक, गोवर्धनची बायको गोदाबाई. आमच्याकडे तिचं फारसं लक्ष नव्हतं, सांजच्या आरतीचे हार द्यायचे होते. सुंदराबाईनं चहाला हात लावला नाही. एकदम म्हणाली, "पार्बता, थो शेवट मी मनानं जमवला होता. पिक्चरमध्ये तसं नव्हतं."

"मले माहीत होतं."

"कवा कळलं?"

"तू सांगायच्या पहिलेच. मी थो पिक्चर पायला होता. मालकासंगं अमरावतीले आली होती तवा. पुरा पायला. ते बाई फाटकात मरते अन् सनई वाजते."

सुंदराबाईनं चहाची बशी बाजूला सारली. मग रागानंच म्हणाली, "मंग वावरात बोलली कावून नाई?"

"काय बोलू? थो पिक्चर पाहून मी आठ दिवस झोपली नव्हती. मालकाले म्हटलं, मी नाई जात पोरीच्या लग्नाले, आपल्याले असं मरायचं नाई. थो खुश झाला." पार्बताबाईनं सुईत एक फूल ओवलं. "अन् मंग तू सांगतलं. मी म्हटलं, पाय बाप्पा. त्या पिक्चरवाल्याले एक शेवट सुचला, हिले दुसरा सुचला. दोन राहू शकतात त तिसराबी अशीन."

"अन् काय झालं मांडवात?" सुंदराबाईनं विचारलं. त्रेचाळीस वर्षं जे विचारायचं होतं ते इतक्या हळू आवाजात की मला पुढे झुकावं लागलं.

"काय होणार? फाटकापाशी उभी राहिली. दीर आला."

मी सावरून बसलो. ही माझी भूमिका होती. एकतीस वर्षं मी ती गरजून केली होती. मनगट पुढे करून, "चालती हो!" म्हणून. शेवटच्या रांगेतलं लेकरू जागं व्हायचं.

"काय म्हणाला दीर?" मी विचारलं.

"हळूच म्हणाला, पंगत तिकडं बसली हाये, जेव अन् जाय. भिकाऱ्याले म्हणतात तसं. रागावलाबी नाई."

मी खाली पाहिलं. ते वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. एकतीस वर्षांत एकदाही नाही.

"जेवली?" सुंदराबाईनं विचारलं.

"नाई. उभी राहिली. पोरगी सासरच्या वाटेले लागेपर्यंत. तिनं पायलं माह्याकडं. मान फिरवली अन् गेली." पार्बताबाईनं लेकीकडे पाहिलं, लेकीनं हारावरची नजर काढली नाही. "मंग मी गावाकडं नाई गेली. घर बंदच झालं होतं. ह्या बाजारात मेथीच्या जुड्या घेऊन बसली. ह्याईच्या फुलाच्या टोपल्याच्या समोर. रोज."

"किती दिवस?"

"सहा वर्षं."

"बोलली नाई कोणी?"

"मेथी कशी दिली, इतकं बोलली."

तेव्हा गोदाबाईनं दोरा दातानं तोडला. "मी पहिल्याच दिवशी वळखलं होतं," ती म्हणाली. "राग होता."

ती पुढचा हार घेत म्हणाली, "एका वैशाखात ऊन लय होतं. हे बाई उन्हात बसून राहे, सावलीले जाय म्हटलं त जाय नाई. मंग मी आपली टोपली सरकवली जराक. म्हटलं, इकडं बसा. आमच्या ताडपत्रीखाली."

"काय म्हणाली ही?" सुंदराबाईनं विचारलं.

"काय म्हणन? मेथी घेऊन आली अन् बसली. त्याच्या बादमंधी अजून दोन वर्षं मी तिले मावशीच म्हणे. राग काई टोपलीसंगं सरकत नाई."

सुंदराबाईनं पदर तोंडाला लावला होता. रडत होती की हसत होती ते मला नीट कळलं नाही. पार्बताबाईनं हात लांब करून तिच्या गुडघ्यावर थापटी मारली.

"माय व, तू त तसंच करून राहिली जसं घर तुयंच मोडलं."

"मीच मोडलं नं."

"थो माणूस मले परत घेणार नव्हता, हे मले माहीत होतं, अन् मी गेली. तुया पिक्चर मी काई आंधळ्यावानी नाई आयकला. तुया तास निंदता निंदता आयकला." मग म्हणाली, "तू पायला का थो पिक्चर शेवटलोक?"

"नाई."

"कवाच?"

"कोणताच नाई पायला. आजलोक."

पार्बताबाईनं ओवलेला हार खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुमी पिक्चर लावता म्हणे. लावा थोच. मी येतो नातीले घेऊन. हिले धरून बसवतो."

परत येताना सुंदराबाईच्या मांडीवर झेंडूची एक मोठी पिशवी होती. गोदाबाईनं न विचारता ठेवली होती. मूर्तिजापूर गेल्यावर सुंदराबाई म्हणाली, "सहा वर्षं व." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मी त पंधरा मिंटात जमवलं होतं."

रविवार आला. खुशालरावांनी सिनेमा शोधून काढला होता, चित्र जागोजागी थरथरत होतं, पण आवाज स्वच्छ होता. बातमी फुटली होती, त्यामुळे खोलीत जास्तीच्या सतरंज्या घालाव्या लागल्या. ज्योत्स्ना आणि अश्विन पहिल्यांदाच आले. पार्बताबाई नात गीतांजलीच्या हाताला धरून आली, दाराजवळच्या खुर्चीकडे गेली नाही, खाली सतरंजीवरच बसली. सुंदराबाईही तिच्या शेजारी खाली बसली. डाव्या हाताला पार्बता, जशी पूर्वी वावरात असायची.

मी सिनेमा कमी आणि त्या दोघींना जास्त पाहिलं, हे कबूल करतो. मध्यंतरात सुंदराबाईनं चहा घेतला नाही. सव्वापाचला तिनं एकदा दाराकडे पाहिलं. साडेपाचला चादरीवर मांडव आला, सनईवाला कोपऱ्यात बसला, अगदी तिनं मला हातांनी दाखवला होता त्याच जागी. आई फाटकापाशी आली. सुंदराबाईचे गुडघे हलले. ती उठायलाच लागली होती, त्या बाईच्या अंगातच ती मोटर होती. पार्बताबाईनं तिच्याकडे न पाहता तिचा पदर मुठीत धरला.

"बस."

ती बसली.

आणि मी तो शेवट पाहिला. अनेक वर्षांपूर्वी पाहिला होता तेव्हा रडलो होतो. फाटकाच्या खांबाला धरून आई हळूहळू खाली बसते, सनई वाढत जाते, आतमध्ये कुणालाच काही कळत नाही. डोकं खांबाला टेकतं. मांडवातून अक्षता उडतात, त्यातले चार दाणे वाऱ्यानं तिच्यापर्यंत येतात. संपलं. आमच्या खोलीत सगळीकडून नाकं ओढल्याचे आवाज येत होते. खुशालराव चष्मा पुसत होते. अश्विन आईच्या पाठीकडे पाहत होता. पार्बताबाईचे डोळे कोरडे होते. तिनं हा शेवट आधी पाहिला होता, आणि त्यानंतर बरंच काही पाहिलं होतं.

खुशालरावांनी बत्ती लावली. मी जाऊन दार उघडलं. चादर पुन्हा नुसती चादर झाली, कोपऱ्यात हळदीचा डाग.

मी दर वेळी दोन शब्द बोलतो. त्या दिवशी उभा राहिलो आणि बसलो. पंखा आवाज करत होता. लोक सावकाश उठत होते, गुडघे धरत, एकमेकांना हात देत. सुंदराबाई आपल्या चपला शोधत होती. पहिल्यांदाच गर्दीत शोधाव्या लागत होत्या, आजवर ती एकटीच उठायची. त्या सापडल्यावर तिनं पायात घातल्या आणि पार्बताबाईला उठायला हात दिला. मी दारात उभा होतो, जिथे तिला पहिल्यांदा अडवलं होतं तिथेच.

"काय बाई," मी विचारलं, "कसा वाटला शेवट?"

ती थांबली. चादरीकडे वळून एकदा नीट पाहिलं, वावराचा मालक दुसऱ्याचं काम पाहतो तसं.

"पिक्चर चांगला हाये, भाऊ," सुंदराबाई म्हणाली. "पण त्या बाईले फाटकात अजून थोडा टाइम उभं राहू द्याचं होतं."